पाळी आली होती, वाट नव्हती

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या आरोग्य शिबिरातले हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. मुलीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)



सकाळच्या सत्रात आपण पाळीबद्दल बोललो. जास्त जाणारी पाळी, अंगावरून पांढरं जाणं, पाळीत बाहेर बसवणं, शाळेत धड संडास नसल्यामुळे मुलींचे होणारे खाडे. आपल्या गटांना हे विषय नवे नाहीत. मी आज जे सांगणार आहे ते मात्र मला स्वतःलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, आरोग्याचा विषय अभ्यासाला होता, त्यानंतर बरीच वर्षं बायकांबरोबर काम केलं. पण ही गोष्ट ना वर्गात ऐकली, ना शिबिरात. काही मुलींना पाळी सुरू होते, दर महिन्याला रक्त तयार होतं, पण ते बाहेर यायला वाटच नसते. जन्मतःच योनीमार्ग कुठेतरी बंद असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की मुलीला अजून पाळी आलेली नाही. ती आलेली असते, आतल्या आत साठत असते.

एका मुलीची गोष्ट सांगते. नववीत होती, चौदा वर्षांची. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतर घर बंद करायचं आणि उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या फडावर राहायचं. मुलगी शाळेसाठी आजीजवळ. अकराव्या वर्षापासून छाती भरायला लागली होती, उंचीही वाढली होती. बरोबरीच्या मुलींना न्हाण आलं, हिला नाही. आजी म्हणायची, ‘उशिरानं शहाणी होईल, हिच्या आईचंबी असंच होतं.’ इथपर्यंत काळजीचं काही नव्हतं. पण मुलीचं पोट दुखायला लागलं होतं. ओटीपोटात कळ यायची, कंबर धरायची, दोन-चार दिवसांत थांबायची. पुढच्या महिन्यात पुन्हा. शाळेत बाईंना वाटलं, गणिताच्या चाचणीच्या वेळीच हिचं पोट कसं दुखतं? आजीने देवऋषी पाहिला. विहिरीवर गेली होती, आसरा लागल्या, म्हणून उतारा झाला. गावातल्या डॉक्टरने दर वेळी इंजेक्शन दिलं आणि अॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. अशा तऱ्हेने जवळजवळ आठ महिने गेले.

मग एका रात्री तिची लघवी बंद झाली. पोट फुगलं, पोर तडफडायला लागली. ग्रामीण रुग्णालयात नळी घालून लघवी काढली. तिथे कोणाच्या तरी लक्षात आलं की लघवी काढल्यावरही ओटीपोटात गोळा लागतोय. पाळी आलेली नाही आणि पोटात गोळा. मुलगी चौदा वर्षांची, आईवडील गावात नाहीत. सगळ्यांनी एकाच दिशेला उडी मारली. आजीच्या देखत, खाटेवर, चार माणसांत तिला विचारलं, ‘कोणाबरोबर गेली होतीस?’ लघवीची तपासणी केली, गरोदर नाही असं आलं. तरीही कुजबुज थांबली नाही. चाचणी चुकली असेल, असंही म्हणून झालं. आजीने दवाखान्याच्या व्हरांड्यात पोरीला दोन थपडा दिल्या.

गावातल्या आशाताईंनी मला फोन केला. मी गेले. आता मला माझी चूक सांगितली पाहिजे, नाहीतर या बोलण्याला अर्थ नाही. मी मुलीला बाजूला घेतलं, पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि तिला तोच प्रश्न विचारला. शब्द मऊ होते एवढाच फरक. ‘बाळा, कोणी तुला काही केलं का? घाबरू नकोस.’ ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं, आणि नंतर बराच वेळ माझ्याशी बोललीच नाही. २०१२ चा पोक्सो कायदा आपल्याला माहीत असतो. संशय आला तर कळवणं ही आपली कायदेशीर जबाबदारी आहे, हेही माहीत असतं. माझ्या डोक्यात तेव्हा तेवढंच होतं. कोणाला फोन करायचा, एफआयआर कुठे. हा प्रश्न विचारूच नये असं मी म्हणत नाही. लहान मुलींवर घरात, दारात काय काय होतं हे आपण इथे सगळ्या जाणतो. पण तो एकच प्रश्न आहे असं धरून चालणं चूक होतं. ‘पोट किती महिन्यांपासून दुखतंय? दर महिन्याला ठरावीक दिवसांनी दुखतं का?’ हे मी विचारलंच नाही. माझ्या आधी कोणीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी ते विचारलं. नंतर पडदा ओढला, आजीला आत थांबवलं, काय करणार आहे ते मुलीला सांगितलं. आत बोट घालून तपासणी केली नाही, त्याची गरजच नव्हती. फक्त मांड्या बाजूला करून, दिवा धरून पाहिलं आणि तिला खोकायला सांगितलं. योनीच्या तोंडाशी निळसर फुगवटा दिसत होता, खोकल्याबरोबर तो पुढे येत होता. पोटावरून सोनोग्राफी केली. योनीमार्ग रक्ताने तुडुंब भरून फुग्यासारखा ताणला होता, वर गर्भपिशवीतही रक्त साचायला सुरुवात झाली होती. भरलेल्या योनीमार्गाचा दाब मूत्रमार्गावर येऊन लघवी तुंबली होती. बाई म्हणाल्या, ‘हिला पाळी येऊन आठ-नऊ महिने झालेत.’

आपण जिला पोटुशी ठरवत होतो तिच्या पोटात तिच्याच पाळीचं रक्त होतं.

हे कसं होतं ते थोडं समजून घेऊ. फळ्यावर मी जे चित्र काढलंय ते साधं आहे, हसू नका. आईच्या पोटात मुलीचा गर्भ वाढत असताना दोन बाजूंच्या दोन नळ्या जवळ येऊन जुळतात. त्यांच्यापासून गर्भपिशवी आणि योनीमार्गाचा वरचा भाग तयार होतो. योनीमार्गाचा खालचा भाग दुसऱ्या ठिकाणाहून, खालून वर येतो. दोन्ही बाजूंनी बोगदा खणत आणावा आणि मध्ये गाठ पडावी, तसं. मधला भाग आधी भरीव असतो, तो पोकळ होत जातो. योनीच्या तोंडाशी एक पातळ पडदा राहतो, त्यालाही बहुतेक वेळा जन्माच्या आधीच उघडं तोंड पडतं. यातलं काही राहून गेलं की वाट बंद राहते. तोंडाशीच पडदा बंद राहिला, तर ते सगळ्यात जास्त वेळा आढळणारं आणि सगळ्यात सोपं. याचे अंदाज वेगवेगळे आहेत, हजार मुलींत एक पासून दहा हजारांत एक पर्यंत. हजाराचा आकडा धरला तर एखाद्या मोठ्या कन्याशाळेत अशी एक मुलगी असू शकते. बोगद्याची गाठ मध्येच पडली नाही, तर आत आडवा पडदा राहतो. तो फारच क्वचित आढळतो, पण अवघड असतो.

आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे होत नाही, जड उचललं म्हणूनही होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण या मुलीच्या आईने मला पहिल्यांदा तेच विचारलं होतं. तिला दोष द्यायला आपली जुनी परंपराही तयार आहे. चरकसंहितेत योनीच्या वीस विकारांची यादी आहे, त्यात सूचीमुखी म्हणून एक आहे. सुईच्या टोकाएवढं तोंड असलेली. म्हणजे असा दोष असतो हे त्या काळच्या वैद्यांनी पाहिलं होतं, त्याची नोंद केली होती. त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. पण कारण काय दिलंय? मातृदोष. गरोदर आईच्या वागण्या-खाण्यामुळे. दोन हजार वर्षं उलटली तरी व्हरांड्यात उभी असलेली आई तेच विचारते, ‘ताई, माझं काय चुकलं?’

ती आई दोन दिवसांनी आली. कारखाना कर्नाटकात होता. मुकादमाची उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता. एक जण निघून आला तर दुसऱ्याचंही काम थांबतं आणि खाड्याचे पैसे कापले जातात. तरी दोघंही आले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, लहानसं ऑपरेशन आहे, भूल देऊन पडद्याला छेद द्यायचा, साचलेलं काढायचं, पुन्हा बंद होऊ नये म्हणून कडा कापून टाके घालायचे. बाप हो म्हणाला. आई गप्प राहिली. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. ‘ताई, पडदा फाडल्यावर मग हिचं लगीन कसं व्हावं?’

मला पटकन राग आला होता, खरं सांगते. पोरीला नळी लावून ठेवलीय, ती कण्हतेय, आणि हिला लग्न सुचतंय! पण ती बाई वेडी नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर तिच्या गावातलं वास्तव होतं. आपल्याच राज्यात कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींना लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध २०१८ साली मोहीम काढावी लागली, पंचांचा मार खावा लागला. ती एकाच समाजाची गोष्ट आहे असं म्हणून बाकीच्यांनी हात झटकायचं कारण नाही. चादर बाकीचेही पाहतात, पंचायत बसवत नाहीत इतकंच. न्यायालयांतसुद्धा बलात्कार झालेल्या बाईच्या अंगात दोन बोटं घालून ती ‘सवयीची’ आहे का हे ठरवण्याची पद्धत किती वर्षं चालली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती बाईच्या खाजगीपणाचा आणि सन्मानाचा भंग आहे असं सांगितलं. तरी ती चालू राहिली, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं की ही चाचणी जो करील तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. तेव्हा एकट्या ऊस तोडणाऱ्या आईवर चिडून काय होणार?

मी तिच्याजवळ बसले आणि कागदावर चित्र काढलं. तुम्हाला हे चित्र नीट लक्षात ठेवायला सांगते, कारण हे कळलं की बरंच काही कळतं. आपण ज्याला पडदा म्हणतो तो पडदा नसतोच. तो तोंडाशी असलेला एक लवचिक काठ असतो. कोणाचा चंद्रकोरीसारखा, कोणाचा गोल कड्यासारखा, कोणाच्या कडेला झालर, कोणाचा जवळजवळ नसल्यासारखा. त्याला मध्ये तोंड असतंच. नसतं तर कुमारिकेची पाळी कुठून बाहेर आली असती? पहिल्या रात्री रक्त येईल की नाही, यावर म्हणूनच काही ठरत नाही. अनेक बायकांना ते येत नाही. पाहून कोणाही डॉक्टरला ‘ही कुमारिका आहे’ असं सांगता येत नाही. समाजाला जो हवा असतो तो बंद, अखंड, शिक्का मारलेला पडदा. तो खरोखर असतो. तो या मुलीला होता, आणि त्यामुळे ती मरणाच्या वेदना सोसत होती. ‘बंद पडदा म्हणजे रोग, वहिनी,’ मी म्हटलं. ‘डॉक्टर तो फाडून टाकत नाहीत. सगळ्या मुलींना असतो तसा करणार आहेत.’

तिने चित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘मला असंच हाय का?’ तीन बाळंतपणं झालेली बाई.

ऑपरेशनला अर्धा तासही लागला नाही. डॉक्टर नंतर म्हणाल्या, पाऊण लिटरच्या आसपास निघालं. जुनं रक्त काळपट, घट्ट असतं. आई म्हणाली, काकवीसारखं. पुढचे काही दिवस ते थोडं थोडं जातच राहतं, त्याने घाबरून जायचं नसतं. मुलगी तिसऱ्या दिवशी चालत घरी गेली.

जाताना आईने डॉक्टरांकडे कागद मागितला. घरी जायच्या कार्डावर इंग्रजीत दोन ओळी होत्या, त्या तिला पुरेशा वाटेनात. ‘मराठीत लिहून द्या, जन्मापासूनचं व्हतं म्हणून. उद्या कोणी इचारलं तर दाखवाया.’ डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, द्या. त्यांनी लिहून दिलं: मुलीच्या योनीमार्गात जन्मजात अडथळा होता, पाळीचं रक्त साचत होतं, शस्त्रक्रियेने तो दूर केला. सही, शिक्का. तो कागद आता रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत आहे.

यावर आमच्या गटात खूप वाद झाला. एका मैत्रिणीचं म्हणणं होतं की मी चूक केली. असा कागद घेणं म्हणजे मुलीने कौमार्याचा पुरावा बाळगला पाहिजे हे मान्य करणं. उद्या नवऱ्याने मागितला की काढून दाखवायचा? ज्या गोष्टीविरुद्ध आपण लढतोय तिलाच सरकारी शिक्का? तिचं म्हणणं मला पटतं. पण तो कागद मागताना त्या आईचं तोंड मी पाहिलं होतं. त्या कागदाच्या भरवशावर तिने ऑपरेशनला अंगठा दिला होता. नसता दिला तर? अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी पालकांची संमती लागते. मी आजही तो कागद घ्यायला सांगीन, फक्त एक फरक करीन. कागदावर आजाराचं नाव आणि उपचार एवढंच असावं, कौमार्याविषयी एक शब्दही नसावा. आमच्या कागदात तो नव्हता, पण ते डॉक्टरांच्या शहाणपणामुळे. माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. आणि कागद मुलीचा आहे, तिच्या आजाराची नोंद आहे, पुढे बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना दाखवायला लागेल. तो तिच्या हातात असायला हवा. तुमचं मत वेगळं असेल तर जेवणानंतर बोलू, मला ऐकायचं आहे.

आता सगळ्याच मुलींचं इतकं सरळ होत नाही. आडवा पडदा वर असेल तर बाहेरून फुगवटा दिसत नाही. तोंड नेहमीसारखं दिसतं, पण दोन-तीन सेंटीमीटरवर वाट संपते. काही मुलींत योनीमार्गाचा खालचा भागच तयार झालेला नसतो. अशा वेळी साधा पडदा समजून तालुक्याच्या दवाखान्यात कोणी चिरा दिला तर काम बिघडतं. जखम भरताना ती जागा आक्रसते, पुन्हा बंद होते, आणि पुढचं ऑपरेशन आधीपेक्षा अवघड होतं. मूत्राशय आणि गुदमार्ग अगदी खेटून असतात, त्यांना इजा होऊ शकते. म्हणून अशा मुलीला एमआरआय करून, पडदा किती जाड आणि किती वर आहे हे पाहून, अशी ऑपरेशनं करणाऱ्या मोठ्या रुग्णालयातच न्यावं. तोवर घाई नको. गोळ्या-इंजेक्शनांनी पाळी काही महिने थांबवून ठेवता येते, दुखणं कमी होतं आणि नीट ठरवायला वेळ मिळतो. ऑपरेशननंतर वाट आक्रसू नये म्हणून नळीसारखं साधन, डायलेटर, रोज वापरावं लागतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला एका खोलीच्या घरात हे कसं जमणार, याचा विचार कोणी करत नाही. ते आपलं काम आहे.

आणखी एक सांगते, सुई घालून रक्त ओढून काढणं हा उपाय नाही. वाट बंदच राहते आणि सुईच्या छिद्रातून जंतू आत जातात. एवढे दिवस जे रक्त निर्जंतुक होतं त्यात पू होतो.

काही मुलींचं निदान तर फारच उशिरा होतं, कारण त्यांना पाळी येते! त्यांच्या दोन नळ्या नीट जुळलेल्या नसतात. गर्भपिशव्या दोन, योनीमार्गही दुहेरी, आणि त्यातली एक बाजू बंद. उघड्या बाजूने दर महिन्याला पाळी जाते, बंद बाजूला साठत राहते. मुलगी सांगते, पाळीत मला सहन होत नाही, दर महिन्याला जास्तच दुखतं. आपण काय सांगतो? ‘बाईच्या जातीला दुखायचंच. लग्न झालं की थांबेल.’ अशा मुलींना बंद बाजूचं मूत्रपिंड बहुतेकदा जन्मतःच नसतं. म्हणून सोनोग्राफीत एकच मूत्रपिंड दिसलं आणि पाळीत फार दुखत असेल, तर गर्भाशय आणि योनीमार्ग नीट पाहायला सांगा. मला इथे भीती वेगळीच वाटते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याबद्दल सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. जिथे पोट दुखलं की पिशवी काढून टाका असा सल्ला इतक्या सहज मिळतो, तिथे मधला एक पडदा काढायची गरज असलेल्या मुलीचं काय होईल? वाट मोकळी केली की दुखणं थांबतं, बहुतेकींना पुढे मूलही होऊ शकतं.

उशीर झाला तर काय होतं? बाहेर वाट नाही म्हणून रक्त उलटं, गर्भनलिकांतून पोटात जातं. तिथे ते रुजतं, आतडी-नलिका चिकटू शकतात, पुढे दिवस राहायला अडचण येऊ शकते. वाट मोकळी झाल्यावर यातलं पुष्कळसं सुधारतं, पण प्रत्येक वेळी नाही. पडदा अगदी तोंडाशी असेल आणि वेळेवर कळलं, तर पुढच्या आयुष्यात सहसा काहीच उणं राहत नाही.

याच्याशी नेहमी गल्लत होणारी दुसरी गोष्ट थोडक्यात. साधारण पाच हजारांत एक मुलगी अशी असते की तिला गर्भपिशवी नसते किंवा नावापुरती असते, आणि योनीमार्ग अगदी आखूड असतो. बीजकोश असतात, छाती भरते, केस येतात, दुखत काही नाही. फक्त पाळी येत नाही. याला रोकिटान्स्की सिंड्रोम म्हणतात. या मुलींचं बहुतेकदा लग्नानंतर कळतं, आणि आठ दिवसांत माहेरी आणून सोडतात. ‘फसवलं’ म्हणतात, हिजडा म्हणतात. आपल्याकडे अशी बाई आली तर दोन गोष्टी तिला सांगा. मूल न होणं म्हणजे कायद्याने नपुंसकत्व नव्हे. आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली शरीरसंबंध होऊ शकत नाही म्हणून लग्न रद्द करून मागता येतं, पण ते कोर्टाने ठरवायचं असतं, सासूने नाही. बऱ्याच जणींना डायलेटरच्या नियमित वापरानेच, चिरफाड न करता, संबंधाला पुरेसा योनीमार्ग तयार करता येतो. पण तो तिला हवा तेव्हा, ती म्हणेल तर. लग्न ठरलंय म्हणून घाईने नव्हे. २०१७ च्या मे महिन्यात पुण्यात देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं, जन्मतः गर्भपिशवी नसलेल्या तरुणीला तिच्या आईची पिशवी बसवली. सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर बातमी होती. मोठंच काम आहे. पण मला त्या वेळी आठवलं ते असं, की नवजात मुलीचे पाय बाजूला करून, दिव्याच्या उजेडात एकदा पाहायला काहीच खर्च येत नाही, आणि ते होत नाही. जन्मल्यावर मुलगी आहे हे सांगण्यापुरतं सगळे पाहतात आणि दुपटं गुंडाळतात. काही बाळांना तेव्हाच फुगवटा दिसतो. त्रास नसेल तर ऑपरेशन वयात येईपर्यंत थांबवता येतं, पण नोंद तर राहील.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांत येतात. जन्मजात दोष शोधणं हे त्यांच्या कामातच आहे. हृदयाचं छिद्र, दुभंगलेला ओठ ते शोधतात, चांगलंच करतात. आठवी-नववीच्या मुलींना ते पाळीबद्दल काय विचारतात हे तुम्ही आपापल्या शाळेत जाऊन पाहा. आमच्या तालुक्यात एकच खूण करायची असते, पाळी सुरू झाली की नाही. ‘नाही’ लिहिलं की विषय संपला. पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, की दर महिन्याला पोट दुखतं का? आम्ही तो शाळेच्या बाईंना विचारायला लावला. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मुलींना फक्त दुखलेल्या दिवसाची तारीख लिहायला सांगितली. पाळी आलेली असो नसो. कोणाला दाखवायची सक्ती नाही. तारखा महिन्याच्या अंतराने यायला लागल्या आणि रक्त दिसत नाही, तर वाट पाहायची नाही, डॉक्टरकडे न्यायचं. दुखत नसेल तरीसुद्धा पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि पाळी नाही, किंवा छाती भरायला लागून तीन वर्षं झाली आणि पाळी नाही, किंवा तेरा वर्षांपर्यंत छातीच भरायला लागली नाही, तर तपासून घ्यायचं. नेताना बरोबर जा. बाई डॉक्टर मागा. बाहेरून पाहणं आणि पोटावरून सोनोग्राफी, सुरुवातीला एवढंच पुरतं, हे तुम्ही आधी घरच्यांना सांगा, म्हणजे ‘पोरीला आतून तपासतील’ ही भीती जाईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का हे दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर नाही.

आणि मुलीशी बोला. सगळे तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत असतात. माझ्याशी न बोलणारी ती मुलगी टाके काढायला आली तेव्हा मी तिची माफी मागितली. माझा प्रश्न चुकला होता असं सांगितलं. तिने मान हलवली, माफ केलं की नाही ते कळलं नाही. मग तिने मला एकच विचारलं, ‘म्हणजे मला मागल्या वर्षीच पाळी आलेली? मैत्रिणींच्या आधी?’ मी हो म्हटलं. त्यावर ती हसली.

हे चित्र मी टेबलावर ठेवते आहे. ऐंशीच्या दशकात राजस्थानातल्या गावच्या बायकांनी मिळून ‘शरीर की जानकारी’ नावाचं पुस्तक केलं होतं. त्यात नेसलेल्या बाईचं चित्र असतं, घागऱ्याचा कागद वर उचलला की आतलं शरीर दिसतं. उघडं चित्र गावात चालणार नाही म्हणून त्यांनीच ही युक्ती काढली. मीही लुगड्याचा कागद लावून तसंच केलंय. उचलून पाहा, आणि ज्यांना आपल्या गटासाठी हवं असेल त्यांनी पातळ कागद ठेवून छापून घ्या. पेन्सिली आशाताईंकडे आहेत.